भावासोबत आलेली

आमच्या गोंदियात मुलाच्या हृदयाला हृदय म्हणणारी माणसं मला सबंध नोकरीत फार तर दोन-चार भेटली असतील, आणि ते सगळे मास्तर होते. बाकी सगळ्यांचं ‘दिल’. शहरातले लोक हिंदीतच बोलतात, तेव्हा ‘मॅडम, इसके दिल में छेद है’ हे ठीकच. पण घरी अस्सल झाडीबोली बोलणारा केशोरीकडचा माणूसही दवाखान्याची पायरी चढला की ‘याच्या दिलात छेद हाये म्हनते’ असंच सांगतो. यातला ‘म्हनते’ महत्त्वाचा. कोण म्हणालं, कधी म्हणालं, कशावरून म्हणालं, हे विचारलं की घरची माणसं एकमेकांकडे पाहतात. कधीतरी कुठल्यातरी तपासणीत कोणीतरी बाळाच्या छातीला नळी लावली, मान हलवली आणि तो एक शब्द उच्चारला. पुढे त्या एका शब्दावर सगळं घर वर्षानुवर्षं चालत राहतं.

मी लहान मुलांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बसते. एका खोलीत मी आणि टेबल, दुसरीत इकोचं यंत्र. पोटातलं बाळ पाहायची सोनोग्राफी असते ना, तसंच हे हृदय पाहायचं यंत्र. पडद्यावर हृदयाचे चार कप्पे उघडझाप करताना दिसतात आणि रक्त कुठून कुठे जातं ते रंगांत दिसतं. यंत्र जुनं आहे, मधूनच गरम होतं, पण खोटं बोलत नाही. सोबत बिसेन सिस्टर आहेत. नोकरीतही त्याच होत्या. रडणारं मूल त्यांच्या हाती दिलं की पवारी बोलीत त्या काय पुटपुटतात कोण जाणे, मूल गप्प होतं. इको करताना मूल गप्प असणं फार महत्त्वाचं.

लोकांना वाटतं, हृदयाचा आजार म्हणजे छातीत कळ येणार. जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळाला कळबिळ येत नाही. ते दूध पिताना थकतं, एवढंच. म्हणून मी आईला ‘बाळाला दम लागतो का’ असं विचारतच नाही. त्यावर सगळ्या आया ‘नाही’ म्हणतात. मी विचारते, दूध पिताना मध्येच किती वेळा सोडतो? कपाळाला घाम येतो का? वजन वाढतंय का? दरेकशाच्या जंगलपट्ट्यातलं एक जोडपं रेल्वेने बाळाला घेऊन आलं होतं. बाप जंगलात मजुरीला जायचा. आई फक्त गोंडी बोलायची. माझा प्रश्न बापाने तिला सांगितला. तिने बाळाला छातीशी घेतलं, दोन घोट झाल्यावर तोंड बाजूला झालं, बाळ धापा टाकायला लागलं. तिने पदराने त्याचं कपाळ टिपलं आणि तो ओला पदर माझ्यासमोर धरला. मला आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

त्या बाळाच्या छातीवर नळी ठेवली, तर आवाज अगदी बारीक होता. हे बाहेरच्या माणसाला उलटं वाटतं. धानाच्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधाला, उंदराने छोटं बीळ पाडलं की पाणी त्यातून सूंऽ करत जातं, दुरून ऐकू येतं. धुराच फुटला तर पाणी गुपचूप निघून जातं. हृदयाचंही तसंच आहे. कप्प्यांमधल्या पडद्याला लहान छेद असला की आवाज मोठा, आणि मोठा छेद असला की कधीकधी कानाला जवळजवळ काहीच लागत नाही. त्या बाळाचा मोठा होता. औषधं दिली, अंगात जरा ताकद आणली, मग नागपूरला ऑपरेशन झालं. पुढे दोन वर्षांनी ती आई त्याला चालवत घेऊन आली. मला द्यायला पदरात चारोळी बांधून आणली होती, आणि पोरगं ती वाटेत खात आलं होतं.

सगळ्याच गोष्टी अशा नाहीत. आमगावच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा कॉलेजात होती. नखं निळी पडलेली. लहानपणी तिला कधी मोठं काही झालंच नाही, म्हणून छातीला नळी लावायची वेळच आली नव्हती. छेद जन्मापासून होता. इतकी वर्षं जास्तीचं रक्त फुप्फुसांत जाऊन तिथल्या रक्तवाहिन्या आतून जाड झाल्या होत्या. तसं झालं की मग छेद बंद करता येत नाही. ती गोळ्यांवर आहे. अजून येते, हसते, दुकानाच्या गल्ल्यावर बसते. जिना चढत नाही. ती येऊन गेली की पुढचा अर्धा तास माझं कशात लक्ष लागत नाही. लहानपणी कोणीतरी एकदा तिच्या छातीवर कान ठेवला असता तर, हा विचार काही जात नाही.

आता ज्यांची गोष्ट सांगायला बसले ते घर.

केशोरीजवळच्या एका खेड्यातून सुनंदा नावाची बाई दोन मुलांना घेऊन आली. उन्हाळी धान कापून झालं होतं, म्हणून वेळ मिळाला, असं तिनेच सांगितलं. मोठा मुलगा प्रणय, दहावी झालेला. उंच, गोरटेला, हातपाय कसे न वापरलेल्या वस्तूसारखे. त्याच्यामागे धाकटी आम्रपाली, सहावीतली. तिच्या एका खांद्याला भावाची बॅग, दुसऱ्याला पाण्याची बाटली, हातात जेवणाची पिशवी. प्रणयच्या हातात काही नव्हतं.

“याच्या दिलात छेद हाये,” सुनंदा म्हणाली. “लहानपणीच सांगतलं होतं. ऑपरेशन करा म्हनत होते. आमी नाई केलो. भेव वाटला.”

“मग आज कशी आलात?”

तिने मुलाकडे पाहिलं. उत्तर त्यानेच दिलं. “मले अर्जुनीच्या कॉलेजात जाचं हाये, म्याडम. सायकलनं. माय जाऊ देऊन नाई राहिली.”

“रस्त्यात काई झालं त?” सुनंदा म्हणाली. “आजपरेंत मी याले विहिरीवर पाठवली नाई. कबड्डी नाई, पोहनं नाई, धानाचा भारा नाई. मास्तरले सांगून ठेवली, याले मैदानात काढू नका. सगडं काम हे करते.” तिने मानेनेच आम्रपालीकडे खूण केली. “हे मायी वाघीण हाये. पानी भरते, ढोरं सोडते, याची ब्याग बी हेच नेते.”

वाघीण बाकावर बसून पिशवीतला चिवडा खात होती. तिला सर्दी झालेली दिसत होती, मधूनच नाक ओढत होती.

मी प्रणयला झोपवून नीट तपासलं. नाडी हाताला पाहिली, मांडीच्या सांध्याला पाहिली, ओठ, नखं, यकृत. मग नळी लावली. मुलांच्या छातीवर आम्ही एका जागी ऐकून थांबत नाही. चार ठिकाणी, मग पाठीवर, मग बसवून, मग श्वास रोखायला लावून. सगळीकडे दोन स्वच्छ ठोके. छेदाचा आवाज कुठेच नाही. आत्ताच सांगितलं तसं, आवाज नसणं म्हणजे छेद नसणं असं नव्हे. म्हणून पलीकडच्या खोलीत नेऊन इको केला. कप्प्यांमधला पडदा सलग होता. ज्या स्नायूच्या भागात पूर्वी बारीक छेद असणार, तिथे जरासा जाडसरपणा होता. असे छेद मूल वाढताना पुष्कळदा आपोआप बुजतात. याचा बहुतेक तो चालायला लागला तेव्हाच बुजला असावा.

मी सुनंदाला सांगितलं, “ताई, छेद बंद झालाय. याचं हृदय चांगलं आहे. सायकल चालवू दे, पोहू दे, भारा उचलू दे.”

माझा अनुभव असा की आजार आहे म्हटलेलं लोक लवकर मानतात, आजार नाही म्हटलेलं मानत नाहीत. एक आजोबा होते, नातवाला काही झालेलं नाही हे माझ्याकडून ऐकून रायपूरला गेले, तिथून नागपूरला गेले, आणि तिघांचं एकच उत्तर आल्यावर ‘तिघे मिळालेले आहेत’ असं म्हणाले. त्यामुळे सुनंदा हसली नाही याचं मला नवल वाटलं नाही. पण तिला राग येईल असं वाटलं नव्हतं.

“बंद झाला म्हनजे? कधी झाला?”

“लहानपणीच झाला असणार.”

“मंग आमी एवढे वर्स कायले भेऊन राहिलो?” तिचा आवाज चढला. “रातभर याच्या नाकापाशी हात धरून झोपलो आमी. यानं कधी कोनाच्या लग्नात नाचलं नाई. आन तुमी म्हनता, होताच नाई.”

“होता. बुजला.”

“कशावरून?”

प्रणय टेबलावर शर्टाच्या गुंड्या लावत बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. लहानपणापासून ज्याला जपून ठेवलं त्याला अचानक सांगितलं की तू मोकळा आहेस, तर तो काय करणार? त्याने एक गुंडी चुकीच्या काजात घातली, पुन्हा काढली.

अशा वेळी मी एक गोष्ट करते. नळी आईच्या कानाला लावते. तिला आवाजांतलं शास्त्र कळावं अशी अपेक्षा नसते, पण स्वतःच्या कानाने ऐकलेल्यावर माणूस जरा विसंबतो. सुनंदाच्या कानाला नळी लावून दिली. ती बराच वेळ ऐकत राहिली.

“ठोके येऊन राहिले,” ती म्हणाली. “पन मले का समजते, बरोबर हायेत का नाई ते?”

प्रश्न वाजवी होता. “मग दुसरं एक चांगलं हृदय ऐका आणि तुलना करा,” मी म्हणाले, आणि आम्रपालीला हाक मारली.

ती दोन्ही खांद्यांवरचं ओझं खाली ठेवून आली. सुनंदाला कुठे ऐकायचं ती जागा दाखवावी म्हणून आधी मी स्वतः नळी लावली. छातीच्या डाव्या बाजूला, वरच्या फासळ्यांमध्ये.

हृदयाचे ठोके दोन. लब् आणि डब्. यातला ‘डब्’ म्हणजे दोन झडपा मिटल्याचा आवाज. आपण श्वास आत घेतो तेव्हा उजवी झडप क्षणभर उशिरा मिटते, म्हणून डब् जरासा फुटतो, ‘ड-डब्’ असा होतो. श्वास सोडला की पुन्हा एक होतो. निरोगी मुलांत हे फुटणं आणि मिळणं चालूच असतं. आम्रपालीचा डब् फुटलेला होता. श्वास घेतला तरी, सोडला तरी. मी तिला म्हणाले, बाळा, श्वास सोड आणि थांब. ती थांबली. तो मिळाला नाही. वर बारीक, मऊसा एक आवाजही होता, सर्दी झालेल्या मुलात सहज दुर्लक्ष व्हावं इतका मऊ.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये छेद असला की डावीकडचं रक्त उजवीकडे येत राहतं. उजव्या बाजूला नेहमीच जास्त रक्त, म्हणून तिथली झडप नेहमीच उशिरा मिटते. असं मूल निळं पडत नाही, चक्कर येऊन पडत नाही. जरा बारीक राहतं, सर्दी-खोकला वरचेवर होतो. खेळतं, काम करतं. आमगावची मुलगी अशीच वाढली होती.

सुनंदाने हात पुढे केला होता. “द्या ना, म्याडम.”

मी नळी दिली नाही. “थांबा, ताई. हिचं मला अजून ऐकायचं आहे.”

सुनंदाने माझा चेहरा वाचला. हात तसाच राहिला. “का झालं?”

क्षणभर वाटलं, आज नको. आज हिला एक तरी ओझं उतरवून घरी जाऊ दे, महिन्याने बोलावून सांगू. पण ती महिन्याने येईल याची खात्री काय? पहिल्या वेळी हे कुटुंब दवाखान्यातून निघून गेलं ते इतक्या वर्षांनी परत आलं होतं. मी म्हणाले, “हिचाही इको करून घेऊ.”

बिसेन सिस्टरांनी तिला झोपवलं. पडद्यावर उजवा कप्पा फुगलेला, आणि दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात रिकामी जागा. रंग चालू केला, तर डावीकडून उजवीकडे लाल प्रवाह सरळ ओसंडत होता. चांगलाच मोठा छेद. मी यंत्राच्या सगळ्या बाजूंनी पुन्हा पाहिलं. आपलं काही चुकलेलं असावं असं फार कमी वेळा मनापासून वाटतं. त्या दिवशी वाटत होतं.

फुप्फुसातला दाब मोजला. फार वाढलेला नव्हता. म्हणजे वेळ होता. मी खुर्चीत मागे टेकले. त्या खोलीत मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

सुनंदाला पडदा दाखवून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “म्याडम, तुमी पोरं बदलवले.”

“नाही, ताई.”

“छेद याले हाये. हिले काई नाई. हे कामाची पोरगी हाये.”

मग ती हळूहळू खाली बसली, खुर्ची असून जमिनीवर. “मी तिले तांब्याचा गुंड भरून पानी आनाले लावली,” ती म्हणाली. “खोकलते तरी लावली. ढोंग करते म्हनून मारली बी एकदा.”

“पाणी भरल्याने छेद पडत नाही. हा पोटात असतानाच असतो. आणि कामाने तो वाढलेलाही नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाहीये.”

हे खरंच होतं, आणि ते खरं आहे याचा मला त्या क्षणी फार आधार वाटला. आमच्या धंद्यात दिलासा द्यायला खोटं बोलावं लागतं असे प्रसंग कमी नाहीत.

आम्रपाली टेबलावर पाय हलवत बसली होती. तिला बहुतेक सगळं समजलं होतं. तिने भावाकडे पाहिलं आणि विचारलं, “मंग आता याची ब्याग हा उचलंल का?”

प्रणय उठला. त्याने बाकापाशी जाऊन आपली बॅग घेतली, मग बाटली घेतली, मग जेवणाची पिशवीही. तिन्ही घेऊन तो दारात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

नागपूरला जायची तारीख ठरवून दिली. अशा छेदाला आता बहुतेक वेळा छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून एक मिटलेली छत्री छेदापाशी नेऊन उघडतात. दोन तबकड्या आणि मध्ये कंबर. एक तबकडी पडद्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला. खर्चाची सोय सरकारी योजनेतून होणार होती. सुनंदा म्हणाली, घरी विचारून सांगतो. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्याचा अर्थ बहुधा नाही असा असतो.

तारीख गेली. ते आले नाहीत. फोन लावला तर बंद. मी केशोरीच्या आरोग्य केंद्रात निरोप ठेवला. रोज आल्या आल्या बिसेन सिस्टर विचारायच्या, “आली का ती वाघीण?” आणि मी मान हलवायची.

मग एका दुपारी चौघेही आले. बाप पुढे. देवानंद त्याचं नाव, शेतीही करायचा आणि लग्नसराईत मंडप बांधायलाही जायचा. माणूस बोलायला सरळ. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “म्याडम, राग नका मानू. एकाले छेद हाये म्हनले. आमी ऑपरेशन केलो असतो, त फुकट पोराले कापलं असतं. तो आपोआप बुजला. आता दुसरीले छेद हाये म्हनता. थांबलो त हिचा बी बुजंल. कायले घाई करता?”

इतक्या वर्षांत ऑपरेशनला नकार देणाऱ्या बापांकडून मी पुष्कळ कारणं ऐकली. पैसा, नवस, मुलीची जात, पुढे लग्न कोण करील. हे पहिलंच कारण असं होतं की ज्यात तर्काची चूक काढता येत नव्हती. त्याने अनुभवावरून बरोबर तोच निष्कर्ष काढला होता जो कोणीही काढला असता.

मी त्याला दोन्ही मुलांना घेऊन इकोच्या खोलीत नेलं. आधी प्रणयला झोपवलं, पडदा दाखवला. मग आम्रपालीला. “याचा छेद खालच्या कप्प्यात होता, जाड स्नायूत. स्नायू वाढला, छेद बुजला. हिचा वरच्या कप्प्यात आहे, पातळ पडद्यात. या वयात एवढा मोठा छेद बुजत नाही. आणि हे बघा, याचा उजवा कप्पा केवढा आहे आणि हिचा केवढा झालाय.”

देवानंद बराच वेळ पाहत राहिला. त्याला फरक दिसत होता, पण दिसणं आणि पोरीला ऑपरेशनच्या टेबलावर ठेवणं यात पुष्कळ अंतर असतं. मी त्याला आमगावच्या मुलीबद्दल सांगितलं. नाव सांगितलं नाही.

बोलला तो प्रणय. तोपर्यंत तो बापासमोर कधी फार बोलत नसावा, कारण सुनंदाने चमकून पाहिलं.

“बाबा, तुमी मायी काडजी केली, ठीक हाये. पन मी घरी बसलो ते छेदानं नाई बसलो. भेवानं बसलो. कोनी पुन्हा तपासाले नेलंच नाई.” त्याने आम्रपालीकडे पाहिलं. “हिले भेवानं नको बसवा. मी बसलो तेवढं बस झालं.”

देवानंदने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या छातीला इकोचा चिकट जेल लागला होता, तो आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायला लागला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “केव्हा जाचं?”

मी त्यांच्याबरोबर नागपूरला गेले. निवृत्तीनंतर हे एक सुख आहे, रजा मागावी लागत नाही. छत्री बसवणारे डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, हात अतिशय हलका. मी काचेच्या मागे उभी. आम्रपालीला झोपवलं होतं. पडद्यावर छत्री पुढे गेली, उघडली, क्षणभर छान बसली असं वाटलं, आणि डॉक्टरांनी ओढून पाहिली तर सरकून या बाजूला आली. एक कडा फार पातळ होती. त्यांनी ती मिटवून परत काढली. पुन्हा बसवली. पुन्हा सरकली.

मी बाहेर आले. सुनंदा भिंतीशी उभी होती. तिच्याशी खोटं बोलायचं नाही एवढं मी ठरवलेलं होतं. “छत्री नीट बसत नाहीये,” मी म्हणाले. “मोठ्या मापाची लावून पाहतायत. नाही बसली तर छाती उघडून शिवावं लागेल, ते आज नाही.”

मला वाटलं ती खचेल. तिने फक्त पदर कमरेला खोचला. “बसंपरेंत लावा म्हना,” ती म्हणाली. “आमी हाओ इथंच.”

मी आत गेले तेव्हा मोठी छत्री आत पोचली होती. डॉक्टरांनी या वेळी नळीचा कोन बदलला, डावी तबकडी आधी उघडून पडद्याला आडवी टेकवली, मग हळूच उजवी. ओढून पाहिली. हलली नाही. पुन्हा ओढली. हलली नाही. मग इकोवाल्याने रंग चालू केला आणि तो लाल ओसंडणारा प्रवाह, जो मी माझ्या खोलीत पाहिल्यापासून डोळ्यांसमोरून हलत नव्हता, तिथे नव्हता. रक्त आपापल्या कप्प्यातून आपापल्या वाटेने जात होतं. डॉक्टरांनी छत्री नळीपासून सोडवली आणि मान वर करून काचेकडे पाहिलं. मी हात जोडले. ते जरा संकोचले.

बाहेर देवानंद, सुनंदा आणि प्रणय तिघेही उभे होते. मी ‘झालं’ म्हणाले. देवानंद चटकन वळून नळावर तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ धूतच राहिला. सुनंदाने विचारलं, “पक्कं बसली ना?” मी म्हणाले, पक्की. तेव्हा ती बाकावर बसली आणि तिला झोपच लागली, बसल्या बसल्या, प्रणयच्या खांद्यावर डोकं टाकून.

पुढचे सहा महिने आम्रपालीला रक्त पातळ ठेवणारी गोळी होती आणि मारामारी-उड्या बंद. हे पाळणं सगळ्यात कठीण गेलं, असं तिची आई सांगायची. प्रत्येक तपासणीत उजवा कप्पा जरा जरा आवरत गेला. सर्दी कमी झाली. फ्रॉक आखूड व्हायला लागले. प्रणय सायकलने कॉलेजात जायला लागला, पहिल्याच महिन्यात पडून कोपर फोडून घेतलं, आणि ते मला दाखवायला आला तेव्हा त्याला त्याचा केवढा अभिमान होता. शेवटच्या तपासणीला मी सांगितलं, “आता दोन वर्षांनी एकदा या. मध्ये काही लागलं तरच.”

यालाही वर्षभर होऊन गेलं. मागच्या महिन्यात मी गोंदियाच्या बाजारात कापडाच्या दुकानात गेले होते. लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काउंटरला ओणवून एक बाई साडीचा पदर उलगडून पाहत होती आणि दुकानदाराशी हिंदीत हुज्जत घालत होती, “ये नहीं भैया, वो वाला, हिरवा.” आवाज ओळखीचा वाटला. सुनंदाच होती. दुकानाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला आम्रपाली दोन मैत्रिणींबरोबर उसाचा रस पीत उभी होती. आईपेक्षा उंच झालेली. मी ओळखलं नसतं.

“काय हो ताई,” मी म्हणाले, “गोंदियात येता आणि आमच्याकडे येत नाही?”

ती वळली, मला पाहून हसली. “काकाजीच्या पोरीचं लगन हाये, म्याडम. कपडे घ्याले आलो.” मग खरोखरच विचार केल्यासारखी थांबली. “तुमच्याकडं कायले येऊ? काम काय हाये आता?”

बोलताना तिच्या हातात ती हिरवी साडी तशीच उलगडलेली होती, आणि दुकानदार ‘बोलो बहनजी, बांध दूँ?’ म्हणून थांबला होता. मी जरा बाजूला सरकले आणि तिला काउंटरपाशी नीट उभं राहायला जागा करून दिली.